थोरल्या जावेचं ‘तुम्ही’

विशालाक्षीच्या पोटात दुखत होतं आणि ते ओव्यानं थांबणारं दुखणं नव्हतं. ते फोनमधून आलं होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर तिच्या लेकीनं, शरण्यानं, चेन्नैहून लिहिलं होतं: ‘दिव्या चित्तीनं सांगितलेली कादंबरी काल संपली. असं पुस्तक मी जन्मात वाचलं नव्हतं. चित्ती, थँक्यू!’ त्याखाली नातेवाइकांनी पाठवलेल्या लाल बदामांची रांग लागली होती, आणि त्या बदामांखाली पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो होता.

चित्ती म्हणजे धाकटी काकू. विशालाक्षीची धाकटी जाऊ, दिव्यश्री. आता काकूनं पुतणीला पुस्तक सांगितलं, यात आईनं जळण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. पण ते पुस्तक विशालाक्षीचं होतं. लिहिलेलं नव्हे, वाचलेलं. तरी वाचणाऱ्यालाही पुस्तकावर हक्क असतोच की. पुदुच्चेरीत मावशीकडे राहून ती फ्रेंच शिकत होती, तेव्हा तिथल्या फूटपाथवर तिला ते मूळ फ्रेंचमध्ये मिळालं होतं. त्यानंतर तिनं ते इतक्या वेळा वाचलं की बांधणी सुटली आणि पानं दोऱ्यानं शिवावी लागली. आता कुठं त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, त्याला कसलंसं बक्षीस मिळालं, आणि सगळं जग, म्हणजे दिव्यश्री, ते ‘शोधून काढून’ मोकळी झाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

“मग तूंच सांगायचं होतंस शरण्याला,” सुंदरेश म्हणाले. विशालाक्षीचे यजमान बँकेतून निवृत्त झाल्यापासून फार शहाणे झाले होते.

“तिनं कधी विचारलं?”

“तूं कधी सांगितलंस?”

विशालाक्षीनं त्यांची दुसरी कॉफी रद्द केली.

खरी गोष्ट अशी की त्या घरात फ्रेंच ही मार्कांची भाषा होती. बारावीत तमिळपेक्षा फ्रेंचला जास्त मार्क पडतात, म्हणून गावातली पोरं संध्याकाळी विशालाक्षीच्या तिण्णैवर, बाहेरच्या ओट्यावर, येऊन बसायची, क्रियापदं घोकायची, परीक्षा झाली की जन्मभरासाठी विसरायची. शरण्यानं तर शाळेत संस्कृत घेतलं होतं. घरी आई आहे तेवढं पुरे, शिकवायलाही तीच कशाला, असं तिचं म्हणणं. आईच्या कपाटात अभ्यासक्रमाबाहेरचं एक पुस्तक आहे, आणि आई ते वाचताना चिडते, हसते, मध्येच बंद करून उठून जाते, हे तिनं पाहिलंच नसावं. विशालाक्षीलाही वाटे, मोठी झाली की आपण होऊन विचारील. ती मोठी झाली आणि चित्तीला विचारू लागली.

पुस्तकाचं नाव ‘मागचा जिना’. लिऑं शहरातल्या एका जुन्या इमारतीला दोन जिने असतात. पुढचा मालकांचा, संगमरवरी. मागचा लाकडी, मोलकरणींचा आणि कोळशाचा. वरच्या मजल्यावर एक विधवा मादाम आणि तिची मोलकरीण अदेल राहतात. एवढ्याशा गोष्टीत लेखिकेनं पानंच्या पानं तत्त्वज्ञान ओतलंय: माणूस उंच असतो की नुसता उंचावर राहतो, वगैरे. काही पानं अशी की विशालाक्षीला वाटे, ही बाई आपल्या माजघरात बसून लिहून गेली. आणि काही पानं अशी की वाटे, पुढच्या जिन्यानं चढलेल्या बाईनं मागच्या जिन्याचा कळवळा घ्यावा हा कसला धंदा. प्रेम आणि राग दोन्ही एकाच पुस्तकावर, तेही इतकी वर्षं. तसं नवरा सोडून दुसऱ्या कशावर तिचं झालं नव्हतं.

सगळ्यांत राग होता शेवटच्या पानावर. मादाम मरायला टेकलेली असते. जन्मभर तिनं अदेलला ‘तू’ म्हटलेलं, अदेलनं तिला ‘तुम्ही’. शेवटी मादाम हात धरून म्हणते, एकदा मला तू म्हण. आणि अदेल म्हणते, ‘तुम्ही.’ किती छान! तिथंच थांबावं ना? पण लेखिकेला राहवलं नाही. तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘तिला म्हणायचं होतं, जीभ वळली नाही.’ ती ओळ आली की विशालाक्षी पुस्तक आपटायची. खोटारडी मेली. अदेलनं नकार दिला होता, चांगला ताठ मानेनं नकार, आणि ह्या बाईनं त्याची सवय करून टाकली.

दिव्यश्रीचं माहेर तंजावरचं, जुन्या दरबाराशी नातं सांगणारं. विशालाक्षीचं मरुदानल्लूरचं, तिचे अप्पा आचारी. भजनोत्सव असो, मुंज असो, लग्न असो, त्यांच्या हातच्या आंबटीला आणि दह्यात कालवलेल्या डांगर पच्चडीला पाच तालुक्यांत तोड नव्हती. दोन्हीकडे मराठीच बोलत, पण एकीकडे अंगणात पालखीची जागा आणि दुसरीकडे ओसरीवर धुऊन पालथे घातलेले हंडे. तरी ह्या तमिळ मुलखात मराठी घरं मोजकी. मुलं-मुली उजवायच्या वेळी दरबारी आणि आचारी यांना एकाच यादीतून नावं काढावी लागतात. तशा त्या दोघी दोन सख्ख्या भावांच्या बायका झाल्या. आधी विशालाक्षी आली, मागून दिव्यश्री.

आणि दिव्यश्री वाईट असती तर किती सोयीचं झालं असतं! पण ती वाईट नव्हती. हसरी होती, उदार होती, कुणाच्या घरी कुणी आजारी पडलं की पहिला डबा तिचा यायचा. तिच्या पुस्तकमंडळाला गावातल्या मराठी बायका आवडीनं यायच्या. बाई इंग्रजी पुस्तकातलं काहीबाही बोलायची आणि लोक माना डोलवायचे. तेच विशालाक्षी बोलली असती तर लोकांनी विचारलं असतं, यंदा पेपर अवघड होता का?

शनिवारी दुपारी मंडळात ‘मागचा जिना’वर चर्चा ठेवली होती, आणि त्यासाठी शरण्या खास चेन्नैहून आली. आईच्या घरी बॅग टाकून तिनं सांगितलं, “रात्री चित्तीकडेच राहत्यें, अम्मा. खूप बोलायचंय आम्हाला.” झालं. विशालाक्षीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं ठरवलं, आज जायचं, आणि सगळ्यांसमोर, मुख्य म्हणजे शरण्यासमोर, दाखवून द्यायचं की हे पुस्तक कुणाचं आहे. तिच्याजवळ हुकमाचं पान होतं. इंग्रजीत तू नाही आणि तुम्हीही नाही. शरण्याच्या बॅगेतली इंग्रजी प्रत तिनं उघडून पाहिली होती: भाषांतर करणाऱ्याला शेवटचं पान झेपलंच नव्हतं. त्यानं ‘मला नावानं हाक मार’ असं लिहून अदेलला नुसती मान हलवायला लावली होती आणि खालची ओळ गाळून टाकली होती. म्हणजे दिव्यश्रीनं कादंबरी वाचलीच नव्हती, असंच म्हणा ना.

गावातल्या महामहम तळ्यापलीकडच्या दिव्यश्रीच्या घरी दिवाणखान्यात सगळे जमले होते. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी लावण्या, आणखी दोघीतिघी, आणि जानकीराम मामा. मामांनी पुस्तक उघडलेलं नसे. ते इडली आणि मूगडाळ-बटाट्याच्या कडप्पासाठी येत, पोटभर खात आणि भिंतीला टेकून डुलकी काढत.

“ये गे, ये! इकडे माझ्याजवळ येऊनशेनि बस,” दिव्यश्रीनं विशालाक्षीचा हात धरला. “तूं आलीस, मला केवढं चोखोट वाटलं सांगू!”

“तुम्ही बोलावलंत, म्हणून आलें,” विशालाक्षी म्हणाली आणि लांबच्या खुर्चीवर बसली.

चर्चा रंगली. दिव्यश्री चांगलं बोलत होती, हीच पंचाईत. शरण्या तिच्या पायाशी चटईवर बसून वर बघत होती, आणि ते वर बघणं विशालाक्षीच्या डोळ्यांत खुपत होतं. शेवटी दिव्यश्री शेवटच्या पानावर आली.

“मला तर रडूंच आलं. मादाम म्हणते, मला नावानं हाक मार, आणि अदेल नुसती मान हलवते. किती नम्र बाई! केवढी माया!”

“मान हलवत नाही ती,” विशालाक्षी म्हणाली.

सगळे वळले. मामाही वळले, पण झोपेतच.

“तुम्ही वाचलं ते इंग्रजी,” ती सावकाश म्हणाली. मुलांना शिकवताना तिचा आवाज असा व्हायचा. “इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. देवाला यू, कुत्र्याला यू. फ्रेंचात आपल्यासारखे दोन आहेत. ‘त्यु’ म्हणजे तूं, ‘वू’ म्हणजे तुम्ही. पुस्तकभर मादाम अदेलला तूं म्हणते, अदेल तिला तुम्ही. शेवटी मादाम विनवते, एकदा मला तूं म्हण. आणि अदेल तोंड उघडून म्हणते, तुम्ही. मान हलवत नाही.”

“अय्यो,” लावण्या म्हणाली. “म्हणजे तो नकार आहे?”

“नकारच. आयुष्यभर मान वसूल केला, आता जाताना माया पण पाहिजे. अदेल म्हणते, ती मी देत नाही. तिच्याजवळ स्वतःचं तेवढं एकच होतं.”

खालच्या ओळीबद्दल ती बोलली नाही. खोटारड्या बाईची ओळ, ती कशाला सांगायची?

शरण्या चटईवरच वळून आता आईकडे तोंड करून बसली होती. “अम्मा, हे तुला कधीपासून माहीत होतं?” तिनं विचारलं, आणि त्या प्रश्नात इतकं नवल होतं की विशालाक्षीला कढत कॉफीचा पहिला घोट गेल्यासारखं झालं. इथं तिनं थांबायला हवं होतं. पण जिंकणाऱ्या माणसाला थांबता येत असतं तर जगात भांडणं कमी झाली असती. ती म्हणाली, “गोष्टीत कोण कोणाला काय म्हणतं, ते आधी बघायचं. सगळं त्यात असतं.”

शरण्यानं मान डोलावली, आणि मग ती विचारात पडली. तिचं असं लहानपणापासून. एखादा नियम सांगितला की लगेच तो कुठंतरी लावून बघायचा.

“मग अम्मा,” ती म्हणाली, “तूं चित्तीला तुम्ही का म्हणतेस?”

“काय?”

“तूं थोरली जाऊ. चित्तीनं तुला अक्का म्हणायचं, तुम्ही म्हणायचं. सगळ्या घरांत तसंच असतं. आपल्यात चित्ती तुला तूं म्हणते आणि तूं तिला तुम्ही. उलटं आहे ना?”

“होय की!” जानकीराम मामा डोळे न उघडताच म्हणाले. “मी ह्यांच्या लग्नापासून ऐकतों. मला वाटलं, तुमच्या घरची रीत.”

दिव्यश्री हसली. “अगे, आम्ही लहानपणच्या मैत्रिणी! हिचे अप्पा आमच्या घरी स्वयंपाकाला यायचे, तेव्हा हीपण यायची त्यांच्याबरोबर. आम्ही दोघी मिळून खेळायचो. होय ना गे?”

होय. खेळायच्या. विशालाक्षीला तो मागचा ओटा आठवला, चुलाण्याचा धूर, अप्पांचे हळदीनं माखलेले हात. फ्रॉक घातलेली, तिच्याहून दोन वर्षांनी लहान पोरगी समोर उभी होती, नाकाला शेंबूड. ‘तूं येतेस खेळायला?’ असं विशालाक्षीनं तिला विचारलं आणि अप्पांनी पाठीत हलकेच धपाटा घातला. ‘तुम्ही म्हणायचं.’ ते रागावले नव्हते. हातातल्या चमच्याला चिकटलेलं काढावं तसं त्यांनी ते सहज केलं होतं. शेंबड्या पोरीला तुम्ही! पण ते तोंडात बसलं, ते बसलंच. सासर एक झालं, नातं उलटं झालं, तरी शब्द जागचा हलला नाही. आणि इतक्या वर्षांत कुणाला, अगदी तिला स्वतःलासुद्धा, त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. ती फ्रेंचातले त्यु आणि वू पोरांना घोकायला लावत होती.

कुणीतरी विषय बदलील म्हणून ती वाट बघत होती. पण दिव्यश्रीचं हसू हळूहळू उतरलं होतं. ती बावळट नव्हती. आत्ताच ऐकलेलं तिला नीट कळलं होतं, जरा जास्तच कळलं होतं.

“मी माया म्हणूनच तूं म्हणत्यें,” ती म्हणाली. “तुला तसं वाटतं? मादाम आणि अदेल, तसं?”

विशालाक्षीनं मांडीवरचा पदर सारखा केला.

“मी तुला कधी म्हटलें, मला तूं म्हणूं नोको?”

कधीच नव्हतं म्हटलं. हेच तर. कधी नको म्हटलं नव्हतं आणि कधी म्हण असंही म्हटलं नव्हतं.

दिव्यश्री उठली, आणि मांडीवरचं पुस्तक खाली पडलं तेही तिनं उचललं नाही. ती विशालाक्षीच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. “मग आत्ता म्हण. सगळ्यांसमोर म्हण. दिव्या, तूं. म्हण की गे.”

विशालाक्षीला पहिल्यांदा जो झाला तो निव्वळ आनंद. लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यात प्रथमच दिव्यश्रीला काहीतरी हवं होतं आणि ते विशालाक्षीच्या मुठीत होतं. तिच्याकडे रूप होतं, माहेर होतं, माणसं होती, आता लेकही जवळजवळ तिचीच झाली होती. पण हे तिला मागावं लागत होतं, उभं राहून, पाचजणांसमोर.

मग तो आनंद ओसरला. समोर नाक लाल झालेली एक प्रौढ बाई होती, आणि ती खरोखर रडत होती. विशालाक्षीला तिची दया आली, आणि दयेमागून, कुठून कोण जाणे, माया आली. देऊन टाकावं. एका अक्षराचा तर प्रश्न. तिनं मनाशी वाक्यही जुळवलं: दिव्या, तूं रडूं नोको.

“दिव्या,” ती म्हणाली. हे निघालं, तेच नवल. मग तिनं पुढचा शब्द काढला.

“तुम्ही,” ती म्हणाली.

तिनं पुन्हा तोंड उघडलं. आत कुणीतरी पाठीत हलकेच मारत होतं. “तुम्ही... कॉफी घ्या. निवेल.”

दिव्यश्री दोन पावलं मागं सरली. लावण्यानं तोंडावर हात ठेवला. एवढ्या अवधीत मामा पूर्ण जागे झाले होते. आणि विशालाक्षीला कळलं की ह्या सगळ्यांना काय वाटलंय. तिनं स्वतःच तर त्यांना आत्ता शिकवलं होतं, की ‘तुम्ही’चा अर्थ काय.

तिनं शरण्याकडे पाहिलं. पोरगी चटईवरून उठली होती आणि आईकडे बघत होती. हे असं बघणं विशालाक्षीनं दुपारभर, दुपारभर कसलं, कित्येक वर्षं, दुसरीच्या वाट्याला गेलेलं पाहिलं होतं. आता ते तिच्या वाट्याला आलं होतं. केवढी माझी आई, असं त्या डोळ्यांत लिहिलं होतं.

‘तसं नव्हे गे,’ एवढं म्हणायचं होतं. ‘मला म्हणायचं होतं, जीभ वळली नाही.’ दिव्यश्रीचं रडू तिथल्या तिथं थांबलं असतं. दोघी गळ्यात गळे घालून हसल्या असत्या, पुन्हा कडप्पा आला असता, आणि शरण्या रात्री चित्तीकडे राहिली असती. विशालाक्षीनं कॉफीचा पेला उचलला आणि तोंडाला लावला.

“चूक माझी, अक्का,” दिव्यश्री म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. “तुम्ही बसा. मी तुमच्यासाठी दुसरी कॉफी आणत्यें.”

अक्का. तुम्ही. हक्काचा मान शेवटी पदरात पडला होता. अप्पांच्या मागं उभ्या राहणाऱ्या त्या लहान मुलीला तूं म्हणणारं आता कुणी उरलं नाही, हे विशालाक्षीच्या ध्यानात आलं, आणि दुसरी कॉफी तिनं तशीच निवू दिली.

शरण्या रात्रीची तिथं राहिली नाही. “मी अम्माबरोबर जात्यें, चित्ती,” ती म्हणाली, आणि रस्त्यानं तिनं आईचा हात सोडला नाही. वेत्तिलेच्या, विड्याच्या पानांच्या, टोपल्या उचलून बायका घरी निघाल्या होत्या, त्यांच्यातून वाट काढताना ती म्हणाली, “मला तुझं फ्रेंच पुस्तक वाचून दाखव. शेवटचं पान. आजच.”

“बघूं.”

“बघूं नाही. आजच.”

दिवे लागले. सुंदरेश देवळात गेले होते. माजघरात दोघी मायलेकी खाली बसल्या, आणि विशालाक्षीनं शिवलेलं पुस्तक मांडीवर घेतलं. ती फ्रेंच ओळ वाचायची, मग तिचं मराठी सांगायची, आणि शरण्या तिच्या खांद्याला टेकून तिचं बोट कुठं फिरतंय ते बघत होती. किती वर्षांनी ती अशी टेकली होती. मादामनं अदेलचा हात धरला. मादाम म्हणाली, एकदा मला तू म्हण. अदेलनं तोंड उघडलं.

“तुम्ही,” विशालाक्षीनं वाचलं.

बोट थांबलं. त्याखाली ती ओळ होती. तिनं आजवर शेकडो वेळा त्या ओळीला खोटं म्हटलं होतं, आणि आज दुपारी ती तिच्याच तोंडात खरी झाली होती. बाईला सगळं माहीत होतं. पुढच्या जिन्याची असो की मागच्या, तिला माहीत होतं.

“हं, पुढं?” शरण्या म्हणाली.

“झालं. संपलं इथं.”

“अम्मा, खाली एक ओळ आहे की अजून.”

विशालाक्षीनं पुस्तक मिटलं.

“ती छापखान्याची,” ती म्हणाली.